ज्येष्ठ वद्य पंचमी

खाडीच्या तोंडाशी वसलेलं माझं माहेर तिथीवर चालायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. हे गणित तिथे पोरीबाळींनाही तोंडपाठ. बोटीवरची माणसं धक्क्याला आणणारे पडाव, लग्नाची वऱ्हाडं, पलीकडचे डॉक्टर, सगळे भरतीच्या वेळेला. माणसं हट्टी. पत्रावर इंग्रजी तारीख घातली की आपल्याच माणसाला परकं केलं, असं मानणारी. संस्थान गेलं, कचेरीवरची पाटी दोनदा बदलली. गावाने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

मी लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा मध्यभारत होता, मुलगी झाली तेव्हा मध्यप्रदेश. ती सहा महिन्यांची झाल्यावर माहेरी जायचं ठरलं. तिथे वडील एकटेच, मोतीबिंदूने अर्धे आंधळे. सासूबाई भिंतीवरचं पंचांग बघून म्हणाल्या, "जेठ बदी पंचमीला पोचशील. दिन बढिया आहे." मी ऐटीत वडिलांना कळवलं, ज्येष्ठ वद्य पंचमीला येते.

माळव्यात महिना पौर्णिमेला संपतो, आमच्याकडे अमावास्येला. त्यांची जेठ बदी म्हणजे आमचा वैशाख वद्य. राज्यं जुळवणाऱ्यांनी एवढं जुळवलं नव्हतं, आणि तिथीची घमेंड असलेल्या मला ते घराचं कुलूप बघून कळलं. शेजारीण म्हणाली, "ते परवाच मुंबईस गेले, डोळे करून घ्यायला. नात येण्याआधी नीट दिसायला हवं म्हणाले. तू महिन्याने येणार होतीस ना गो?"

तिच्याकडून इस्पितळाचं नाव घेऊन परतीच्या बोटीने मुंबई गाठली. शस्त्रक्रिया झाली होती, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. मी मुलीला त्यांच्या छातीवर ठेवलं. त्यांनी बोटांनी तिचं नाक चाचपलं आणि म्हणाले, "आपल्याकडचं आहे." पट्ट्या सुटायला आठ दिवस होते. सोबत आलेल्या दिरांची रजा संपत होती, मुंबईत टेकायला घर नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी उज्जैनच्या गाडीत बसले. मला स्वतःचा इतका राग पुन्हा कधी आला नाही.

मग पावसाने बोटी बंद झाल्या. दिसू लागल्याचं त्यांनी गावी परतल्यावर स्वतःच्या अक्षरात कळवलं. मी टावर चौकातल्या फोटोवाल्याकडून मुलीचा फोटो काढवून लगेच धाडला. पावसाळ्यात तिकडचं टपाल रखडतं. श्रावणात वडील गेले.

फोटो त्यांच्या हाती पडला होता का, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. नाही म्हणून कुणी सांगितलं तर मला ते सोसणार नाही.