खुंटीवरचा दुसरा गॉगल

दिगंबर गेल्याची बातमी आली तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवत होतो. हातातलं पुस्तक पुरं करूनच उठलो... त्याच्या अंगणात भातकुलीकडचे शेतकरी, कोर्टातले वकील, सगळेच रडत होते. आणि खोटं कशाला लिहू, मला तेव्हाही त्याचा हेवा वाटला. माझ्यासाठी एवढी माणसं येणार नाहीत, असं मनात येऊन गेलं.

हा हेवा जुनाच. वर्गात पहिला नंबर माझा यायचा, पण गुरुजी थांबून बोलायचे ते दिगंबरशी. पुढे मी शिक्षक झालो आणि सायकलवरच राहिलो. त्याने वकिली करत भातकुलीची शेती सांभाळली, अमरावतीत मोटारसायकल आणली. मी मागे बसायचो. धुळीने चष्मा भरायचा आणि समोर फक्त त्याची पाठ दिसायची.

एकदा म्हणाला, "अकोल्याले चाल. एका डॉक्टरची जुनी मोटारसायकल विकाले आहे. चालवून पाहू."

"एक आहे ना तुह्याजवळ?"

"असू दे ना एखादी जास्तीची!"

एखादी जास्तीची... ते शब्द मला अकोल्यापर्यंत टोचत राहिले. गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या घडणीची होती. स्प्रिंगांवरची रुंद गादी, टाकीला लागून हाताचा गिअर, पुढे मोठा गोल दिवा. डॉक्टर म्हणाले, "न्या खुशाल. पण एक जण इथं बसा." म्हणजे जामीन मी. ओसरीवर पुस्तक उघडून बसलो. गाडीचा आवाज दूर जायचा, जवळ यायचा, पुन्हा दूर जायचा. दिगंबर परतेपर्यंत माझं एक पानही उलटलं नव्हतं.

तो हसतच उतरला. "लय गरीब गाडी आहे गड्या. नवशिक्याचंही ऐकते. आता तू फिरवून पाय, मी बसतो जामीन."

"मले नाही येत."

"मी शिकवतो ना. इथं आवारातच फिरव."

"नको म्हटलं ना!"

"बरं, घेऊ का? तू म्हणशील तसं."

गाडी मला आवडली होती. फार आवडली होती. म्हणूनच म्हणालो, "भंगार आहे. पस्तावशील."

त्याने टाकीवरून एकदा हात फिरवला. मग नुसतं "बरं" म्हणाला. परतताना मूर्तिजापूरला चहा प्यायलो, तेव्हाही त्याने गाडीचं नाव काढलं नाही. मी मनातून खूश होतो.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला त्याच्या खोलीत नेलं. खुंटीवर गाडी चालवताना घालायचे दोन गॉगल होते. एक त्याचा, काचांवर ओरखडे पडलेला. दुसरा कोरा, चांगलाच रुंद.

"हा कोणाचा?"

"तुमचाच नं भाऊजी. अकोल्याले जाच्या आधीच आणून ठेवला होता त्यायनं. ते अकोल्याची गाडी मास्तरले देऊ, दोघं दोन गाड्यांवर कौंडण्यपूरले जाऊ म्हणे. मास्तरच्या चष्म्यावरून बसला पायजे म्हणून मोठा पाहून घेतला."

चष्मा न काढता मी तो चढवून पाहिला. कुठेच टोचला नाही... पुन्हा त्याच्या गॉगलशेजारी अडकवला. अजून तिथेच आहे.