लेकीच्या वाट्याची कपात

देव असलाच तर तो पगारपत्रकाच्या कोणत्या रकान्यात बसतो, असं मी त्या दिवसांत कुत्सितपणे विचारत असे. वडिलांनी आयुष्यभर कामगार चळवळीची पत्रकं वाटली. मी त्यांतूनच वाचायला शिकलो. घटस्फोटाच्या वेळी मीच कोर्टात मागितलं, की मुलीच्या पोटगीचे पैसे माझ्या पगारातून कापून परस्पर तिच्या आईच्या खात्यात जावेत. लेकीचं जेवण बापाच्या मर्जीवर नको. तो तिचा हक्क, भीक नव्हे.

मग आमच्या चेन्नईच्या कारखान्यातला, आमचे पगार काढणारा ठेकेदार बदलला. एका महिन्यात तिच्या आईला निम्मेच पैसे पोचले, पुढचे तीन महिने काहीच नाही. माझ्या पगारातून कपात मात्र पूर्ण होत होती. तिला वाटलं, मीच थांबवले. मी फोनवर सुनावलं, की माझे कापले गेलेत, मी दोनदा का देऊ? ती शांतपणे म्हणाली, भाडं थकलंय. शुक्रवारी सकाळच्या गाडीने लेकीला तंजावरला आजीकडे ठेवायला नेतेय. सहा वर्षांची लेक. तरीही मी बसून काय केलं, तर ठेकेदाराविरुद्ध चार पानी तक्रारअर्ज लिहिला.

शुक्रवारी तो अर्ज आणि वकिलासाठी काढलेले पैसे घेऊन एग्मोरला बसमधून उतरलो. कामगार कचेरी एका बाजूला, त्यांची गाडी सुटायचं स्टेशन दुसऱ्या. कोपऱ्यावर पिळ्ळैयारचं, म्हणजे आपल्या गणपतीचं, छोटं देऊळ आहे. तिथे नारळ दगडावर जोरात आपटतात आणि तुकडे येणारेजाणारे उचलून नेतात. मीही नारळ घेतला. मला जिंकव, एवढंच मागितलं आणि आपटला. तो फुटलाच नाही. घरंगळत एका फुलवाल्या आजींच्या टोपलीपाशी गेला.

माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं, तशा त्या तंजावरी वळणाच्या जुन्या मराठीत बोलू लागल्या. अनोळखी बाईसमोर मी सगळं ओकलो. त्यांचे हात गजरा गुंफतच होते.

"देवाला वकील केलास होय? भांड की कण्णा, माझ्या बाळा, कोण नको म्हणतं? पण तोवर लेकीला कोणी बघायचं?"

मी स्टेशनकडे पळत सुटलो.

गाडी लागली होती. लेक बाकावर इडली खात होती. मी पैसे तिच्या आईच्या हातात ठेवले, मग पगाराच्या चिठ्ठ्या, मग अर्ज. तिने उभ्यानेच सगळं वाचलं.

"चार पानं लिहिलीस," ती म्हणाली, "आणि लेकीचं नाव कुठेच नाही."

खरंच नव्हतं. माझे हक्क होते, कायदा होता, संताप होता. तिने पेन मागितलं, वर लेकीचं नाव लिहिलं, खाली स्वतःची सही केली आणि मला डब्यातली बॅग उतरवायला सांगितली. गाडी सुटली तेव्हा आम्ही तिघं फलाटावरच होतो.

अडकलेले पैसे अजून पूर्ण मिळालेले नाहीत. मी भांडतोच आहे, भांडणार आहे. पण दर महिन्याला आधी लेकीचे पैसे स्वतः देऊन येतो. जिंकव म्हणून मागितलं होतं. देवाने माझा हट्ट तेवढा हरवला. त्याबद्दल त्याच्यापुढे हात जोडतो, आणि त्या वेळी काहीच मागत नाही.