दस्तगीरभाऊच्या पायावरचं पाणी

लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग असायची, त्यात दस्तगीरभाऊचा टांगा लांबूनही ओळखू यायचा. बाकीचे टांगेवाले पाय मुडपून बसत. ह्याचा उजवा पाय मात्र काठीसारखा सरळ पुढं आलेला असे, कारण तो गुडघ्यात वाकतच नव्हता. मुंबईहून हवा खायला आलेली मंडळी आपसांत म्हणत, टांगेवाला मोठा मिजासखोर दिसतो, खुशाल पाय पसरून बसलाय. दस्तगीरभाऊ त्यांना काही सांगत नसे. मी सांगतो. तो पाय कुणी मोडला हे विसरण्याइतका मी मोठ्या मनाचा नाही.

मी गेणू. रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचा मजूर होतो आणि लोणावळा बाजाराच्या हुतुतू संघात उजव्या कोपऱ्यावर खेळायचो. हल्ली पोरं ज्याला कबड्डी म्हणतात तोच हा खेळ. आमच्या संघाला बाजारातले व्यापारी पोसत. रोज सकाळी तालमीच्या ओट्यावर दुधाची किटली यायची. जिंकलो की दुधावर साय असायची, हरलो की दुधातून किटलीचा तळ दिसायचा. दस्तगीरभाऊ कप्तान होता तोवर आम्ही साय खाल्ली.

मावळात हुतुतूचे सामने पुष्कळ जत्रांत होत, पण खरा मान वडगावच्या जत्रेतल्या सामन्याचा. तिथं एक रीत होती. सामना संपला की हरलेल्या कप्तानाने विहिरीचं पाणी स्वतः शेंदायचं आणि जिंकलेल्या गड्यांच्या पायांची माती धुवायची. घागरीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि त्या दिवशी जो मैदानात खेळला, ज्याच्या पायाला तिथली माती लागली, त्याच्याच पायावर पाणी. बाहेर बसून मिशीला पीळ देणाऱ्याला नाही, मग तो कितीही मोठा असो. मातीबरोबर वैरही वाहून जावं, असा जुन्या माणसांचा हेतू होता. जुनी माणसं भोळी होती.

वडगावचा कप्तान महिपती. पाटलाच्या घरचा, अंगानं दांडगा, आणि त्याची एकच पकड ठरलेली: गड्याचा घोटा धरायचा आणि गुडघा दुमडून त्यावर सगळं अंग टाकायचं. त्या वर्षी सामना आमच्या हातून गेलाच होता. दस्तगीरभाऊ शेवटची चढाई करून परतत असताना मध्यरेषेजवळ वडगावकरांनी त्याला धरला आणि त्याचा दम तुटला. पंचांनी हात वर केला. दम तुटला की पकड सोडायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. वडगावच्या बाकी सगळ्यांनी सोडलं. महिपतीने पंचांचा हात नीट पाहिला आणि मग गुडघ्यावर अंग टाकलं. तो आवाज मी कोपऱ्यावरून ऐकला.

पंच म्हणाले, पाणी राहू द्या आता. महिपती म्हणाला, "रीत म्हंजे रीत. कप्तान हाय न्हवं त्यो?" आम्ही घागर उचलायला धावलो, तर आम्हालाही अडवलं. दस्तगीरभाऊ विहिरीपर्यंत सरपटत गेला, बसून पाणी शेंदलं, बसूनच पुढं सरकत एकेकाचे पाय धुतले. महिपतीचे शेवटी. धुवून झाल्यावर महिपतीने पायाची बोटं हलवली आणि म्हणाला, "बोटांच्या मदी ऱ्हायली बघ." दस्तगीरभाऊने बोटांमधली माती काढली. विहिरीच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाया पदरात तोंड लपवत होत्या. माझ्या हातात त्या वेळी दगड का नव्हता, असं मला अजून वाटतं.

परत येताना बैलगाडीत त्याने आम्हाला शपथ घातली, की पाय मोडल्याचं घरी सांगा, पण ते बोटांचं खतीजाला सांगायचं नाही. खतीजाभाभी त्याची बायको, लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. आम्ही कुणी सांगितलं नाही.

हाड जुळलं, पण गुडघा कायमचा ताठला. गार पाणी लागलं की तो पाय लाकूड होऊन जायचा, रात्र रात्र ठणकायचा. म्हणून भाभी रोज संध्याकाळी चुलीवर पाणी तापवायची, बोट घालून बघायची, हवं तितकं ऊन झालं की पाय शेकायची. ह्यात कधी खंड पडला नाही. बोलायची फार कमी. आम्हाला वाटायचं, गरीब बाई आहे.

दस्तगीरभाऊचं खेळणं सुटलं आणि आमचा संघ रसातळाला गेला. खंडाळ्याकडून हरलो, तळेगावाकडून हरलो, ज्या गावात धड मैदान नाही त्यांनीही आम्हाला लोळवलं. वडगावच्या लोकांनी तर दरवर्षी महिपतीचे पाय आमच्याकडून धुवून घ्यायची सवयच लावून घेतली. सन पस्तीसच्या दिवाळीनंतर आमचे वस्तादही कंटाळून गावी निघून गेले. मग धान्याचा व्यापारी रखमाजीशेट तालमीत आला आणि म्हणाला, "यंदाची जत्रा बघतो. न्हाई जिंकलात तर दूध बंद, आन संघ बी बंद. उगं गावाचं नाक कापायला कशाला जाताय?"

त्याच वेळी दारात टांगा थांबला. दस्तगीरभाऊ खाली न उतरता म्हणाला, "ह्यांना मी शिकीवतो, शेट. पर माजी एक अट हाय. वडगावच्या जत्रेत मी खेळणार."

आमच्यातला हौशीराम फस्सकन हसला. चढाईत सगळ्यांत चपळ तो, आणि तोंडानेही. "भाऊ, लंगडा गडी घेऊन खेळायचं म्हंजे एक गडी कमी घेऊनच खेळायचं की."

"व्हय. तरी मी खेळणार. बाहीर बसलो तर माज्या पायावर पाणी कोण घालंल?"

तेव्हा सगळ्यांना कळलं, ह्या माणसाला दूध नको, बक्षिसाची ढाल नको, लोणावळ्याचं नाव नको. महिपतीचे हात आपल्या पायावर, एवढंच हवं. आणि खरं सांगतो, ते कळल्यावर आमच्या अंगात जे आलं, ते रखमाजीशेटच्या दुधानं कधी आलं नव्हतं.

दस्तगीरभाऊचं शिकवणं टांगेवाल्याचं होतं. पहाटे टांगा भुशीच्या रस्त्याला लावायचा आणि आम्ही मागून पळत 'हुतुतूतू' घुमवायचं. ज्याचा आवाज तुटेल त्याच्या कानाजवळ हवेत चाबूक वाजायचा. चढावर तो घोडीला दौडवायचा आणि स्वतःही दम धरून घुमवत राहायचा. आम्ही पडलो तरी त्याचा आवाज पुढं जातच असायचा. शिव्या तर अशा द्यायचा की घोडीसुद्धा मान वळवून बघायची.

तालमीत आला की मातीत उभा राहायचा आणि ताठ पाय पुढं करायचा. "धरा. मोडा." आम्ही कचरायचो. मग तो आमच्या आईबापांचा उद्धार करायचा, की आम्ही चिडून झेपावायचो. घोटा धरून आम्ही जोर लावायचो, पण जो पाय वाकतच नाही त्याला दुमडणार कसा? आमचे हात त्या पायावरून घसरायचे, आणि तेवढ्यात तो आडवा पडून रेषा गाठायचा. संध्याकाळी त्याला टांग्यात चढवायला आम्ही दोघंतिघं लागायचो. घरी भाभी पाणी तापवून वाट बघत असायची. आमच्याकडे एकदा बघायची आणि पाण्यात बोट घालायची.

सुरुवातीला खंडाळ्यात हरलोच. शिरगावच्या जत्रेत थोडक्यात गेलो. तळेगावात बरोबरी झाली आणि कामशेतात जिंकलो. कामशेतानंतर किटलीत साय दिसली. हौशीरामला चेव चढला. तो म्हणाला, "भाऊ, वडगावात महिपतीचा गुडघा मी काढतो. फिट्टंफाट."

दस्तगीरभाऊ त्याच्यावर असा धावून आला, की ताठ पाय असूनही हौशीराम दोन पावलं मागं सरला. "गुडघा काढलास तर त्यो पाणी शेंदाया कसा जाईल? त्याला खरचटलं बी न्हाई पायजे. धडधाकट पायजे मला त्यो. कळलं?"

मला ते फार आवडलं. सूड घ्यायचा तर असा, नीट निवडून घ्यावा.

जत्रेच्या दिवशी वडगावात मुंगीला वाट नव्हती. मैदानाच्या कडेला आमचा टांगा उभा, त्यात डोक्यावरून पदर घेतलेली खतीजाभाभी. ह्याआधी ती सामन्याला कधी आली नव्हती, निदान आम्हाला तसं वाटत होतं. दस्तगीरभाऊ लंगडत मैदानात उतरला तशी वडगावकरांनी शिट्ट्या मारल्या. महिपती ओरडला, "दस्तगीर, आज पाय धुवायला सोताहून आलास व्हय?"

सामना अटीतटीचा झाला. हौशीरामने त्यांचे गडी टिपले, त्यांनी आमचे. दस्तगीरभाऊ कोपऱ्यात उभा होता. वडगावकर त्याच्याकडे वळतच नव्हते. लंगड्याला शेवटी मारू, मजा येईल, असा त्यांचा हिशेब. त्या हिशेबापायी आम्ही सगळे बाद झालो, मीही झालो, आणि आमच्या बाजूला एकटा दस्तगीरभाऊ उरला. समोर महिपती आणि त्याचे दोन गडी. चढाई आमची. त्याने तिघांनाही बाद केलं तर सामना आमचा, पकडला गेला तर वडगावचा.

त्याने रेषेची माती कपाळाला लावली आणि घुमवत आत गेला. मधोमध जाऊन ताठ पाय पुढं टाकला. नुसता टाकला, जसा तालमीत टाकायचा. महिपतीला तो पाय दिसला आणि त्याचा जुना हात शिवशिवला. त्याने घोटा धरला, गुडघा दुमडायला सगळं अंग टाकलं. गुडघा दुमडला नाही. ज्याने तो मोडला, त्यालाच हे ठाऊक नव्हतं! महिपती त्या पायावरून घसरून तोंडावर पडला, बाकीचे दोघे पाठीवर येऊन कोसळले, आणि त्या ढिगाखालून 'हुतुतूतू' चालूच होतं. भुशीच्या चढावर चालायचं तसंच. एक हात बाहेर आला, माती ओरबाडत पुढं सरकला आणि रेषेवर पडला. दम तुटला नव्हता. त्याला धरणारे तिघेही बाद झाले.

आम्ही नाचलो. हौशीराम रडत होता. दस्तगीरभाऊ मात्र उठला नाही. तिथंच बसून म्हणाला, "पाणी."

महिपतीने घागर आणली. स्वतः शेंदून आणली, कारण सगळं गाव बघत होतं. तो वाकला आणि घागर कलती करणार तोच आवाज आला, "थांबा."

खतीजाभाभी टांग्यातून उतरून मैदानात आली होती. तिचा एवढा मोठा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता.

"गार पाणी चालत न्हाई त्या पायाला. तुमीच मोडलाय, तुमाला ठावं असंल. तापवून आणा."

महिपती पंचांकडे बघायला लागला. पंच आभाळाकडे बघायला लागले. महिपतीच्या भावाने घागर घ्यायला हात पुढं केला तशी ती म्हणाली, "दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. रीत म्हंजे रीत."

मैदानाला लागून अंबूबाईचं भज्यांचं दुकान होतं. अंबूबाई वडगावचीच, पण तिने कढई उतरवली, चुलीतली पेटती लाकडं ओढून बाजूला केली, दोन ओल्या शेण्या आत सरकवल्या आणि महिपतीच्या हातात फुंकणी दिली. त्याने जन्मात चूल पेटवली नव्हती. सगळ्या जत्रेसमोर पाटलाचा मुलगा उकिडवा बसून फुंकत होता, आणि धुराने त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. लोक आधी खुसूखुसू हसले, मग उघड हसले. बाया तर पदरसुद्धा तोंडाला लावत नव्हत्या. मी पोटभर हसलो.

पाणी आलं. भाभीने घागरीत बोट घातलं. "कोमट हाय. अजून."

तो परत गेला. पुन्हा फुंकलं. पुन्हा आणलं. तिने बोट घालून बघितलं आणि मान डोलावली. महिपती गुडघे टेकून बसला आणि त्या ताठ पायावर पाणी घालू लागला. माती ओघळली. दस्तगीरभाऊने डोळे मिटले होते. ज्यासाठी त्याने महिनोन्महिने हाडं झिजवली ते त्याला मिळालं होतं, आणि तेवढं त्याला पुरेसं होतं. महिपती पुढच्या गड्याकडे जायला उठू लागला.

"बोटांच्या मदी ऱ्हायली बघा," खतीजाभाभी म्हणाली.

दस्तगीरभाऊने खाडकन डोळे उघडले. आधी त्याने आमच्याकडे रागाने बघितलं. आम्ही माना हलवल्या. आम्ही शपथ मोडली नव्हती. मग त्याने तिच्याकडे बघितलं.

"माज्याकडं काय बगता?" ती म्हणाली. "तवा मी हिरीच्या पल्याड उभी व्हते."

रोज संध्याकाळी पाण्यात बोट घालून ती नुसती ऊब नाही, महिपतीकडचं येणंही मोजत होती, हे आम्हाला त्या वेळी समजलं. महिपतीने मान खाली घातली आणि एकेक बोट वेगळं करून धुवायला घेतलं. ती शेजारी उभी राहून, घाई न करता, शेवटच्या बोटापर्यंत बघत राहिली.