खाली म्हणजे कुठं

मनकर्णाबाईंना कुणी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" की त्या आधी समोरच्याचा चेहरा बघत. माणूस बरा वाटला तर गावाचं नाव सांगत, नाहीतर नुसतं "घाटाखालची" म्हणून मोकळ्या होत. मला पहिल्या भेटीत त्यांनी "घाटाखालची" एवढंच सांगितलं. म्हणजे मी त्यांना कशी वाटले असेन ते समजा.

पण माझ्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, मीसुद्धा!" मी दापोलीकडची. आमच्याकडे घाट म्हणजे सह्याद्री, आणि घाटावर म्हणजे उरलेलं सगळं जग. लग्न होऊन मी या शहरात आले तेव्हा माझी आई रडली होती, पोरगी घाटावर दिली म्हणून. मनकर्णाबाईंचा घाट मात्र अजिंठ्याचा. सिल्लोड सोडलं, अजिंठा गाव मागे टाकलं की रस्ता वळणं घेत उतरतो, फर्दापूर लागतं, आणि तिथून आत वाघूर नदीच्या कडेला त्यांचं गाव. मी नारळ-सुपारीचं बोलले, त्या केळी-कापसाचं बोलल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "मंग तुमी कसल्या ओ घाटाखालच्या, ताई?" आणि पदर तोंडाला लावून हसल्या. तेव्हा त्या हसत असत.

त्यांचा तालुका सोयगाव. जिल्हा आपलाच, म्हणजे सरकारदरबारी मराठवाडा. पण जमीन, बोली, वांग्याचं भरीत, आखाजीचे झोके, सगळं खान्देशाचं. जळगावच्या बाजारात गेलं की दुकानदार म्हणणार, "मराठवाड्याकडचे का?" आणि इथे चिकलठाण्याला आमच्या सोसायटीत सगळे त्यांना खान्देशी म्हणणार. त्यांचे यजमान पुंजारामभाऊ कारखान्यात लेथवर होते. ते म्हणायचे, "आमची गत धोबी का कुत्ता, ना घर का ना घाट का. त्यात आमचा घाटच दुसरा."

माझ्या यजमानांना, लक्ष्मणरावांना, पेपर मोठ्याने वाचायची खोड आहे. एकदा बातमी आली, की राज्याचा समुद्रकिनारा नव्याने मोजला तर सातशे वीस किलोमीटरचा पावणेनऊशेच्या घरात गेला. मी चिडले. आमचा समुद्र तसूभर पुढे आला नाही, मग किनारा वाढला कुठून? ते म्हणाले, "अगं, आधी सरळ रेघ धरून मोजत, आता खाडीतली वळणंसुद्धा धरली." पुंजारामभाऊ चहा प्यायला आले होते. बशी खाली ठेवून ते गंभीरपणे म्हणाले, "साहेब, मंग आमचा तालुका बी एकदा मोजा म्हणावं. कुठं बसतो ते तरी कळंल."

गावाला ते दोघं 'खाली' म्हणत. राहायला दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे घोळ व्हायचा. "भाऊ कुठे आहेत?" "खाली गेले," म्हटल्यावर मी पार्किंगमध्ये शोधून यायची, आणि भाऊ तेव्हा फर्दापूरला एसटीतून उतरत असायचे. निवृत्त झाले की दोघांनी कायमचं खाली जायचं ठरलं होतं. तिथल्या घरावर नवे पत्रेही टाकून झाले. मग मुलाचं, अतुलचं लग्न निघालं. मग सुनेची, अपेक्षाची नोकरी, नात झाली, तिला कोण सांभाळणार? मग भाऊंचे गुडघे. दर वर्षी मनकर्णाबाई सांगायच्या, "या आखाजीला नाय, पुढच्या आखाजीला जाऊ." आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. खाली ती दिवाळीपेक्षा मोठी.

गेल्या हिवाळ्यात भाऊंना न्यूमोनिया झाला. छाती भरली, आणि त्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं. एका वेळी एकच माणूस आत सोडत, तो बहुतेक अतुल असे. मनकर्णाबाई बाहेरच्या खुर्चीवर बसून असायच्या, शेजारी मी. भाऊंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यातून त्यांचं बोलणं कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. अतुल बाहेर येऊन म्हणाला, "बाबांना घाटावर न्यायचं. त्यांनी सांगितलंय, घाटावर सोड म्हणून."

मनकर्णाबाईंनी मान हलवली. त्या वेळी त्यांना तुमचं घर पेटलंय म्हटलं असतं तरी त्यांनी मान हलवली असती.

अतुलला दोष देऊ नका. तो या शहरात जन्मला, सरकारी दवाखान्यात, आणि त्या दवाखान्यालाच इथे सगळे घाटी म्हणतात. त्याच्या लेखी घाटी म्हणजे दवाखाना आणि घाट म्हणजे पैठणच्या पायऱ्या. राख सावडून तो पैठणला गेला. गोदावरीत अगदी खालच्या पायरीवर उतरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून, त्याने अस्थी सोडल्या. सगळं नीट, मनापासून केलं.

दहाव्याला भाऊंचे धाकटे भाऊ फकिरा आले. विधी आटोपल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "अस्थी कुठं हाय? वाघूरला न्यायच्या ना?"

अतुल म्हणाला, "काका, त्या पैठणला सोडल्या. बाबांचीच इच्छा होती."

"भाऊची? पैठणची?" फकिरा त्याच्याकडे बघतच राहिले. "नेमकं काय म्हनला तो?"

अतुल आठवून आठवून सांगू लागला. मास्क होता, नीट कळत नव्हतं. घाट म्हणाले, ते दोनदा ऐकू आलं. सोड म्हणाले. मधेच खाली, खाली म्हणत होते.

"खाली म्हनला?"

"हो ना. मला वाटलं डोक्याकडची बाजू उंच झालीय, त्रास होतोय. म्हणून मी सिस्टरांना पलंग खाली करायला लावला."

अपेक्षा हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. मी मनकर्णाबाईंकडे पाहिलं. आता त्या हंबरडा फोडतील असं मला वाटलं. त्यांनी फोडला असता तर बरं झालं असतं. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि म्हणाल्या, "फकिरा, जेवून जा."

त्यानंतर त्यांचं सगळं थंड पडलं. सकाळी उठायच्या, नातीला तयार करायच्या, भाकऱ्या थापायच्या. भाजीला मीठ नसे, कधी दोनदा पडे, आणि त्या तशीच खात. विचारलं तर "बरं हाये" म्हणत. मी तोंडाळ बाई. मी त्यांना चिडवून पाहिलं, भांडून पाहिलं, एकदा तर मुद्दाम म्हटलं की खान्देशी भरितापेक्षा आमचं कोकणातलं बरं. त्या म्हणाल्या, "आसंल." मला घरी येऊन रडू आलं. त्या रागावल्या असत्या तर मी त्या दिवशी पेढे वाटले असते.

एक दिवस त्या आपण होऊन आमच्याकडे आल्या आणि लक्ष्मणरावांसमोर बसल्या.

"साहेब, पैठणचं पानी कुठं जातं?"

लक्ष्मणरावांना कुणी भूगोल विचारला की भान राहत नाही. ते म्हणाले, "गोदावरी ना? नांदेडवरून तेलंगणात, तिथून आंध्रात, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पूर्वेकडे."

"आन वाघूरचं?"

"वाघूर तापीला मिळते. तापी सुरतेकडे. म्हणजे अरबी समुद्र. पश्चिमेकडे, आमच्या हिच्या दापोलीच्या बाजूचा." ते आणखी रंगले. "गंमत आहे बघा. तुमच्या घाटाच्या अलीकडे पडलेला थेंब एका समुद्राला जातो आणि पलीकडे पडलेला..."

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झाले.

मनकर्णाबाई म्हणाल्या, "म्हंजे ते उलटेच गेले."

मी घाईघाईने सांगितलं, की आम्ही कन्याकुमारीला गेलो होतो, तिथे सगळे समुद्र एकत्र होतात. गाइड बोट दाखवत होता, इथे हा संपतो, तिथे तो सुरू होतो. लोक माना डोलवत होते. मला तर सगळं एकच पाणी दिसलं. मनकर्णाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लई लांब हाये पर ते."

यंदाच्या आखाजीला फकिरा न्यायला आले. घरात माणूस गेलं की पहिल्या आखाजीला त्याच्या नावाने घागर भरतात, म्हणजे ते पाणी त्याला पोचतं. "वहिनी, घागर खालीच भरायची. आन आता तिथंच राहा. पत्रे भाऊनंच टाकलेत, कुनासाठी टाकले?" अतुलनेही मान खाली घालून सांगितलं, "आये, तुला राहायचं तर राहा. आम्ही पोरीचं बघू." इतकी वर्षं ज्यासाठी ती बाई थांबली होती ते आता सगळे ताटात वाढून देत होते. पिशवी भरताना त्यांनी मला विचारलं, "ताई, तुमी येता का? तुमी बी घाटाखालच्याच." मी लगेच निघाले.

अतुलच्या गाडीतून आम्ही गेलो. घाट उतरताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या, पण बघत होत्या असं म्हणवत नव्हतं. गावात झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. बायका गळ्यात पडल्या, "आली बाई आमची मनकर्णा!" वाघूर उन्हाळ्याने कोरडी ठाक पडली होती. घागर बोअरच्या पाण्याने भरली, तरी सगळे त्याला वाघूरचंच पाणी म्हणत होते. फकिरांनी घागरीवर खरबूज ठेवलं, समोर पुरणपोळी ठेवली, आणि म्हणाले, "वहिनी, हात लावा. भाऊला पोचू द्या."

मनकर्णाबाईंनी हात पुढे केला आणि मधेच थांबवला.

"फकिरा, हे कसं पोचंल रे त्यांना? ते घाटाच्या त्या अंगाला गेलेत."

शेवटी फकिरांनीच घागरीला हात लावला, मनकर्णाबाईंनी नुसता नमस्कार केला. दुपारी त्या नव्या पत्र्यांच्या घरात जाऊन आल्या. झाडलं, चुलीपाशी थोडा वेळ बसल्या, कडी लावली. मला वाटलं, आता मुक्काम पडला. संध्याकाळी मी गाडीत बसले तर त्या पिशवी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या.

फकिरा खिडकीशी आले. "वहिनी?"

"येते रे," एवढंच त्या म्हणाल्या.

गाडी घाट चढू लागली. पहिलं मोठं वळण गेल्यावर मागून मनकर्णाबाई बोलल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"अतुल, ऐकून ठेव. माझी येळ आली की मला पैठणला ने. खालच्या पायरीवर, त्यांना सोडलं तिथंच. आत्ताच नाव घेऊन सांगते. शेवटी मी बी खाली-खाली म्हनंन, आन तू परत पलंगच खाली करशील."

अतुलने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडू लागला, एवढा मोठा बाप्या. मनकर्णाबाईंनी मागून हात घालून त्याच्या पाठीवर ठेवला.

"आये, अगं पण तुला तर इथं..."

"व्हय. मला इथंच यायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "पर ते तिकडं एकलेच हायेत ना. ते चुकून गेले. मी आपली ठाऊक असून जाईन."

मग त्यांनाही रडू आलं, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा, आणि मलाही. मागून एक एसटी हॉर्न देत वर गेली. थोड्या वेळाने मनकर्णाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चल बाबा, पोरगी घरी वाट बघत आसंल." अतुलने गाडी सुरू केली आणि आम्ही वर निघालो.