पडद्यामागे कोणी नाही

आमच्या कोर्टाच्या मागच्या बाजूला, झेरॉक्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. एक टेबल, तीन खुर्च्या, कागद भरलेलं काचेचं कपाट आणि चाकांच्या स्टँडवर उभा केलेला मोठा पडदा. परदेशातल्या कोर्टाला इथल्या माणसाची साक्ष हवी असली की ते आमच्या कोर्टाला विनंती करतं. आमचं कोर्ट त्या माणसाला बोलावतं, आणि तो या खोलीत बसून समुद्रापलीकडच्या न्यायाधीशाला उत्तरं देतो. तारा, माइक आणि कॅमेरा हे माझं काम. तो माणूस स्वतःच्या मनातलं बोलतोय की कोणी पढवलेलं, हे बघायचं काम ताईंचं.

ताई आमच्या हेडक्लार्क. पाठीमागे सगळे त्यांना भिंग म्हणतात. मी आजारी आहे म्हणून रजा टाकली, तर त्या फोन करतात आणि तब्येत विचारायच्या आधी मागे कसला आवाज येतोय ते विचारतात. चहावाला चहा ठेवून गेला की कप उचलून खाली बघतात. त्यांच्याकडे भाची राहते, ती म्हणते, मावशी वाटाणे सोलायला बसली तरी शेंगेला आधी आत कोण आहे ते विचारून घेते. मला त्यांनी पहिल्याच दिवशी तारवाले असं नाव ठेवलं आणि त्याच दिवशी माझे खिसे रिकामे करायला लावले. माझ्या खिशात अर्धं बिस्किट होतं. ते त्यांनी उजेडात धरून बघितलं. त्या बिस्किटाचा मला अजून राग आहे.

साक्षीच्या दिवशी तर विचारूच नका. त्या आधी टेबलाखाली वाकतात, मग खिडकीचा पडदा झटकतात. कपाटाच्या काचेत कोणाचं प्रतिबिंब पडेल म्हणून तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवतात. शेवटी स्टँडवरच्या पडद्याला वळसा घालून एका बाजूने मागे जातात, दुसऱ्या बाजूने पुढे येतात आणि जाहीर करतात, "पडद्यामागे कोणी नाही." भिंत आणि पडदा यांच्यात मांजरसुद्धा मावायचं नाही. एवढीशी फट आहे ती, ताई तिच्यातून तिरक्या होऊन जातात. पण एकदाही चुकवत नाहीत.

त्यांच्या या वागण्याला आम्ही हसायचो, ते चमच्याचं प्रकरण होईपर्यंत. एका व्यापाऱ्याची साक्ष चालू होती आणि बाहेरच्या बाकावर त्याचा मेहुणा कॉफी ढवळत बसला होता. चमचा कपाला एकदा लागला की व्यापारी हो म्हणायचा, दोनदा लागला की आठवत नाही म्हणायचा. मला त्या आवाजात काहीच वावगं वाटलं नव्हतं. ताई उठल्या, दार उघडून मेहुण्याच्या हातातला चमचा काढून घेतला आणि आत येऊन साक्षीदाराच्या समोर ठेवला. पुढच्या प्रश्नाला व्यापारी जो गप्प झाला तो झालाच. तेव्हापासून आमच्या कॉरिडॉरमध्ये चमचा बंद. साखर खाली बसली तर बोटाने ढवळा, असं ताईंचं म्हणणं.

हा संशय काही त्यांनी जन्मतः आणलेला नव्हता. ताईंचा नवरा लग्नानंतर लगेच नोकरीसाठी परदेशी गेला. आधी पत्रं यायची, मग नुसते फोन, मग तेही आटले. आणि एक दिवस तिकडच्या कोर्टाचा हुकूम आला, घटस्फोट झाला म्हणून. त्यात म्हटलं होतं की पत्नीला नोटीस मिळाली पण ती हजर राहिली नाही. ताईंना नोटीस मिळालीच नव्हती. ती दिराने परस्पर घेतली होती, सही ठोकली होती आणि कपाटावर टाकून दिली होती. ताई इथल्या कोर्टात उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला कळवल्याशिवाय, तिचं ऐकल्याशिवाय दिलेला परदेशी निकाल इथे चालणार नाही, असं इथल्या न्यायाधीशांनी सांगितलं. म्हणजे ताई जिंकल्या. जिंकून हाती काय आलं, तर तिकडे दुसरा संसार थाटलेला नवरा इकडे कागदावर शाबूत राहिला. मग त्यांनी त्याच कोर्टात नोकरी धरली. तो माणूस मला कधी भेटला तर मी त्याच्या तोंडात माइक कोंबणार आहे, हे मी ताईंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, "कोणता माइक? सरकारी?"

तर गेल्या थंडीत एका बाईंची साक्ष होती. बाई हॉटेलच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत कामाला होत्या. हात पाण्याने पांढरे पडलेले, बोटांच्या पेरांना चिरा. नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा परदेशात. दोन वर्षांपूर्वी वडील शेवटच्या दुखण्यात म्हणून बाई एकट्याच इकडे आल्या आणि त्या इकडे असताना नवऱ्याने त्यांच्या तिकडे राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरणच केलं नाही. परतीची वाट बंद. हळूहळू फोनवर मुलगा झोपलाय, मुलगा शाळेत आहे, असं सुरू झालं आणि मग फोनच बंद झाला. आता तिकडच्या कोर्टात नवऱ्याचं म्हणणं असं, की ही मुलाला टाकून निघून गेली, सबब मूल कायमचं माझ्याकडे द्या. बाईंना तिकडे जाता येत नव्हतं. त्यांची बाजू तिकडे पोचायची ती फक्त आमच्या खोलीतून.

हे सगळं ऐकून माझं मन जरा पाघळलं होतं. ताईंचं अजिबात नाही. "रडका चेहरा सगळ्यांनाच येतो," त्या मला बाहेर घेऊन म्हणाल्या. "तुझा एकदा रजा मागताना पाहिलाय मी."

त्यांनी बाईंचा फोन, पर्स आणि रुमाल बाहेर ठेवायला लावला. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर करून घेतल्या. बाई खुर्चीवर एक पाय दुमडून त्याच्यावर बसल्या होत्या, दुसरा खाली सोडलेला.

"पाय खाली घ्या," ताई म्हणाल्या. "पायाखाली काय आहे?"

"काही नाही हो. लहानपणापासून अशीच बसते मी."

"सवयी घरी. दोन्ही हात टेबलावर, तळवे खाली. मी सांगेपर्यंत उचलायचे नाहीत. नाक खाजलं तरी नाही."

बाईंनी हात ठेवले. ताईंचं पडद्यामागे जाऊन येणं झालं आणि मी लाइन जोडली.

पडद्यावर तिकडचं कोर्ट आलं. पांढऱ्या केसांच्या न्यायाधीशबाई, एक दुभाषी, दोन्हीकडचे वकील, समोरच्या रांगेत नवरा, आणि पार उजव्या कडेला दार. दाराला उभी लांब काच होती. न्यायाधीशबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, की साक्ष संपली की त्या मुलाला आपल्या खोलीत बोलावून एकट्याच त्याच्याशी बोलणार आहेत. तोपर्यंत आईबापांपैकी कोणीही त्याच्याशी एक अक्षर बोलायचं नाही, हा हुकूम आहे. मग नवऱ्याचा वकील उठला. किडकिडीत माणूस, बोलताना पेनाचं टोपण काढायचा आणि लावायचा. ताईंचं त्या टोपणावर लगेच लक्ष गेलं.

सुरुवातीची उत्तरं बाईंनी भराभर दिली. नंतर मध्येच त्यांचं काहीतरी बिनसलं. प्रश्न विचारला की त्या आधी उजवीकडे बघायच्या, थांबायच्या, मग बोलायच्या. दुभाष्याला दोनदा प्रश्न परत सांगावा लागला. तुम्ही मुलाला टाकून आलात का, या प्रश्नालासुद्धा आधी उजवीकडे बघणं आलंच. मग म्हणाल्या, "परतीचं तिकीट काढून आले होते मी." उत्तर चांगलं होतं, पण ते आलं उशिरा, आणि उशिरा आलेल्या चांगल्या उत्तराला कोर्टात वास येतो.

मीही उजवीकडे बघितलं. आमच्या उजव्या भिंतीवर काही नव्हतं. कॅलेंडरसुद्धा ताईंनी काढलेलं. दाराची फट बघितली, झरोका बघितला. कोणी शिकवत असेल तर कसं, ते मला कळेना. ही बाई आपल्याला बनवतेय असं मला आता वाटायला लागलं, आणि मघाशी पाघळलो याचा रागही आला.

टोपण बंद झालं. वकील न्यायाधीशांना म्हणाला, "साक्षीदार प्रत्येक उत्तराआधी कुठेतरी बघते आहे. तिला कोणी सांगतंय, नाहीतर समोर काही लिहिलेलं आहे. ही साक्ष धरू नये."

न्यायाधीशबाईंनी ताईंना विचारलं, "अधिकारी, तुम्ही तिथे आहात. तपासून सांगा."

म्हणजे आता सगळं ताईंच्या शब्दावर आलं. ताई नुसतं "शंका वाटते" म्हणाल्या असत्या, तरी साक्ष बाद, आणि मुलाचा निकाल बाईंचं न ऐकताच लागणार. ताई शंका बोलून दाखवत नाहीत असा दिवस मी पाहिला नव्हता. मी मनात म्हटलं, संपलं हिचं.

ताईंनी घाई केली नाही. टेबलाखाली बघितलं, खिडकीबाहेर बघितलं. बाईंच्या कानात काही घातलंय का ते केस बाजूला करून बघितलं. मग त्या बाईंच्या मागे गेल्या, वाकल्या आणि आपले डोळे बाईंच्या डोळ्यांच्या रेषेत आणून, त्या बघत होत्या तिकडे बघू लागल्या. बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. नंतर त्यांनी खाली, बाईंच्या खुर्चीकडे बघितलं. बाईंनी पाय पुन्हा दुमडून अंगाखाली घेतला होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी पडद्याच्या उजव्या कडेला नीट बघितलं. दाराच्या काचेतून पलीकडचा बाक दिसत होता. मध्ये वकिलाचं डोकं यायचं, ते हललं की बाक पुन्हा दिसायचा. बाकावर एक मुलगा बसला होता, एक पाय दुमडून अंगाखाली घेतलेला, दुसरा हलवत.

बाई मान वर करून ताईंकडे बघत होत्या. तोंडाने काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, तर वकिलाने जाऊन त्या काचेला पाठ लावून ती झाकली असती, हे त्यांना कळत होतं आणि आता आम्हालाही कळत होतं.

ताई सरळ उभ्या राहिल्या, चष्मा काढला, पुसला, घातला.

"या खोलीत साक्षीदाराला कोणी काही सांगत नाही," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "कागद नाही, फोन नाही, माणूस नाही. मी तपासलंय."

"मग ती बघते कुठे?" वकील.

"पडद्याकडे. साक्षीदाराने पडद्याकडेच बघायचं असतं."

"या अधिकारी त्याच देशाच्या आहेत, त्यांचा कल..."

ताईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मी तो रंग ओळखतो. "वकीलसाहेब, आत्तापर्यंत या खुर्चीतल्या किती लोकांची साक्ष मी स्वतः पाडली आहे, ते आमच्या कोर्टाला विचारा. सगळे याच देशाचे होते. आणि ते टोपण जरा टेबलावर ठेवा. मघापासून मला त्याचाच संशय येतोय."

दुभाष्याने टोपणाचंही भाषांतर केलं. न्यायाधीशबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. अधिकाऱ्यांचा शब्द मी मानते, साक्ष चालू राहील, असं त्या म्हणाल्या. वकिलाने टोपण खाली ठेवलं.

त्यानंतर बाई नीट बोलल्या. वडिलांचं आजारपण, परवान्यासाठी घातलेले खेटे, न उचललेले फोन, सगळं सांगितलं. अधूनमधून उजवीकडे बघायच्या, पण उत्तर अडलं नाही. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि पहिल्यांदाच साक्षीदाराकडे न बघता, मी बघत होतो तिकडेच बघत होत्या.

साक्ष संपली. न्यायाधीशबाई उठून आपल्या खोलीत गेल्या. नियम असा, की न्यायाधीश उठले की ताई "लाइन बंद" म्हणतात आणि मी बटण दाबतो. मी बोट ठेवून थांबलो. ताई काही बोलेनात.

"ताई?"

"तारवाले, ती तार सैल वाटते. आधी ती बघ. आणि माइक बंद कर."

एकही तार सैल नव्हती. सगळ्या मी सकाळी स्वतःच्या हाताने आवळल्या होत्या, हे ताईंना चांगलं ठाऊक होतं, कारण माझ्यावर विश्वास नाही म्हणून त्या शेजारीच उभ्या होत्या. मी माइक बंद केला आणि टेबलाखाली शिरलो. तिथून पडदा छान दिसतो.

तिकडे दार उघडलं. कोर्टातली एक बाई मुलाला न्यायाधीशांच्या खोलीकडे घेऊन निघाली. वाट तिकडच्या, बाई दिसत होत्या त्या पडद्याच्या समोरूनच होती. नवरा वकिलाशी बोलण्यात गुंग होता. मुलगा चालता चालता पडद्याकडे बघून थांबला. त्याने हात सोडवून घेतला. जवळ आला, अगदी जवळ, चेहरा आमच्या पडद्यावर मावेना इतका. मग एका बाजूने दिसेनासा झाला. थोड्या वेळाने तो दुसऱ्या बाजूने पुढे आला आणि आईकडे बघत उभा राहिला.

"मागे जाऊन बघून आला," ताई म्हणाल्या. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आई पडद्यामागे आहे का, ते बघून आला पोरगा."

बाईंचे हात अजून टेबलावरच होते, सकाळी सांगितलं होतं तसे, तळवे खाली.

"बाई," ताई म्हणाल्या, "बोलायचं नाही, हुकूम आहे. हात मात्र आता उचलले तरी चालतील."