परत आलेला बंब

आधीच सांगून टाकतो. या प्रकरणात दोषी कोण, हे शोधायचे कष्ट तुम्ही घेऊ नका. तो तुमच्यासमोर बसून चहा पितो आहे.

अठरा वर्षांपूर्वी आमच्या न्हाणीघरात गीझर आला आणि परसातला तांब्याचा बंब मला एकाएकी अडगळ वाटू लागला. बंब सुमतीच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, माहेरचा. लग्नात वडिलांनी दिलेला. पोटावर तिचं नाव कोरलेलं, तोटीजवळ एक पोचा. ती चार दिवस माहेरी गेली आणि मी दारावर आलेल्या एका वृद्ध भांडीवाल्याला तो विकून टाकला.

ती परतली. परसात गेली. तिथूनच हाक आली, “अहो, माझा बंब?”

आता तुम्हीच सांगा, त्या आवाजापुढे कोण खरं बोललं असतं? मी म्हणालो, “चोरीला गेला!”

एवढंच वाक्य. पण असत्याचा संसार वाढतो हो! शेजाऱ्यांना सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, चोर कुठल्या भिंतीवरून आला असेल तेही सविस्तर सांगितलं. सुमती त्या अज्ञात चोराला अंघोळीच्या वेळी रोज शाप देई आणि मी गंभीरपणे मान डोलवत असे.

गेल्या महिन्यात जुन्या वस्तूंच्या लिलावाचं एक संकेतस्थळ मोबाइलवर सहज चाळत होतो. काय दिसावं? बंब! तोटीजवळ तोच पोचा, आणि छायाचित्र मोठं केलं तर चक्क ‘चि. सौ. कां. सुमती हिस’!

माझ्या मनावरचं अठरा वर्षांचं ओझं उतरायची संधी समोर होती. गुपचूप घ्यायचा, घरी आणायचा आणि ‘चोरीचा माल सापडला’ म्हणून तिच्या पुढ्यात ठेवायचा. पुण्याचे एक गृहस्थ शेवटच्या मिनिटापर्यंत बोली चढवत राहिले. पण मी मास्तरकीच्या निवृत्तिवेतनाची पर्वा न करता त्यांना नमवलं. बंब माझा झाला! विक्रेता कुरुंदवाडचा, नाव इलाहीभाई.

आनंदाच्या भरात मी त्यांना संदेश लिहिला: ‘महोदय, सदर बंब माझ्या पत्नीचा असून अठरा वर्षांपूर्वी आमच्या परसातून चोरीस गेला होता. तो आपल्याकडे आलेला पाहून अतीव समाधान वाटले.’

हसू नका! परक्या माणसाला हे लिहायचं काहीच कारण नव्हतं, मान्य. पण इतकी वर्षं घोकलेला पाठ; बोटांनी आपसूक उतरवला.

संदेश वाचल्याची खूण उमटली. उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘बंब कधी पाठवता?’ शांतता. तिसऱ्या दिवशी, ‘आपले मौन संशयास्पद वाटते.’ चौथ्या दिवशी, ‘नाइलाजाने योग्य ठिकाणी दाद मागावी लागेल.’ त्यावर त्यांनी फोनच बंद करून ठेवला.

पाचव्या दिवशी, एका आजारी मित्राला भेटायला जातो असं सुमतीला सांगून मी एसटीने कुरुंदवाड गाठलं. विचारत विचारत भांड्यांच्या दुकानाशी पोचलो. गल्ल्यावर एक साठीच्या बाई बसल्या होत्या.

“इलाहीभाई आहेत का?”

“भाऊ न्हाई घरात. कुठलं पावणं?”

“कोल्हापूरचा. तो बंब मीच घेतला आहे.”

बाई ताडकन उठल्या. “ते चोरीवालं मास्तर तुम्हीच व्हय? आवो, काय लिवताय का काय! भाऊ चार दिस धड जेवला न्हाई. पोलीस येत्यात म्हणून फोन बंद करून बसलावता!”

“अहो, पोलीस कशाला?”

“मग दाद मागायला काय देवळात जानार हुतासा? सकाळीच टेम्पोत बंब घालून तुमच्याच घरला गेलाय की!”

“माझ्या घरी!”

“मंग! पत्ता हाय न्हवं त्या लिलावात. बंबावर नाव बाईंचं हाय, बाईंच्याच हातात देतो म्हनला. आन् अब्बांनी जपून ठेवल्याला कागद बी नेलाय दावायला.”

“कसला कागद?”

“तुमीच लिवून दिल्याला.”

माझ्या पायांखालची कुरुंदवाडची जमीन सरकली. आठवलं! त्या वृद्ध भांडीवाल्याने लेखी मागितलं होतं, आणि मी मोठ्या हौसेने, वळणदार अक्षरात, सहीखाली ‘शिक्षक’ असा हुद्दा घालून, लिहून दिलं होतं.

घरी फोन लावला. सुमती म्हणाली, “पाहुणे आलेत. या तुम्ही निवांत.”

त्या ‘निवांत’ने माझा उरलासुरला धीर गेला. परतीची एसटी प्रत्येक थांब्यावर थांबली आणि प्रथमच मला त्याबद्दल तक्रार नव्हती.

घरात शिरलो. सोप्यात मधोमध बंब. खुर्चीच्या कडेवर, हातात कप धरून, पन्नाशीचे इलाहीभाई. आणि चष्मा लावून कागद वाचणारी सुमती.

“‘हा बंब मी पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाविना विकत आहे.’ पूर्ण शुद्धीत का हो?”

मी बंबाची तोटी न्याहाळू लागलो.

इलाहीभाई उठून उभे राहिले. “सर, रागावू नका. अब्बांनी ह्यो इकला न्हाई, आमच्याच घरात वापरला. जुन्या भांड्यांचा धंदा हाय आमचा. चोरी म्हटलं की लोक पयलं आमच्याच दारात येत्यात. म्हणून अब्बा कागद जपायचं.”

इथे मात्र मला खरोखर लाज वाटली. गीझरच्या हौसेपायी मी एक बंब विकला होता; पण एका सरळ माणसाची झोप फुकट उडवली होती. मी हात जोडले. “इलाहीभाई, चोरी झालीच नव्हती. मी खोटं लिहिलं.”

“ते कळलं की आता,” ते हसले. “पर वैनींनी मला नाष्टा दिलाय. तुमचं काय हुतंय, ते बगा.”

सुमतीने बंबावरून हात फिरवला. पोच्यापाशी तो जरा थांबला. डोळे पुसले. मग म्हणाली, “अठरा वर्षं मी चोराचे हात झडोत म्हणत आले. आणि रोज त्याच हातांना जेवायला वाढत होते!”

निघताना इलाहीभाईंनी मोबाइल पुढे केला. “वैनी, माल पोचला की गिऱ्हाइकाबद्दल दोन शब्द लिवायला लागत्यात. सगळ्यांना दिसतंय ते. काय लिवू?”

सुमतीने क्षणभरही विचार केला नाही. “लिहा: माल अस्सल आहे. गिऱ्हाईक तपासून घ्यावं.”

त्यांनी ते टंकलं आणि अदबीने माझ्यापुढे धरलं. “सर, तुम्ही मास्तर. काय चुकलं असंल तर सांगा.”

मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. एक शब्दही बदलता येईना.