घर आडवं होऊन बघावं

जगात घराची परीक्षा पाठीनं घेणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो युद्धाच्या आधी आमच्या लोणावळ्याच्या म्युनिसिपालिटीत सॅनिटरी इन्स्पेक्टर होता. बाकीचे इन्स्पेक्टर भिंतीला काठी टोचत, नाकाला रुमाल लावत आणि चहा पिऊन जात. आमचे साहेब कोट, टोपी, सदरा खुंटीला लावत आणि उघड्या अंगानं थेट जमिनीवर पसरत. "अहो, माणूस घरात उभा थोडाच राहतो? घर आडवं होऊन बघावं," असं वर म्हणत. बायकामाणसं लाजून ओट्यावर पळत. भुशीच्या वाटेवरच्या एका घरात तर त्यांना अशी गाढ झोप लागली, की घरच्यांनी त्यांच्या भोवतीनं पानं मांडून जेवणं उरकली. उठल्यावर साहेबांनी वहीत लिहिलं, "हवा उत्तम." तेव्हापासून गावाची पक्की समजूत झाली, की साहेबांना झोप लागली म्हणजे घर पास.

मी रेल्वेत कारकून होतो. आमची खोली स्टेशनामागच्या चाळीत, अगदी कडेची. खिडकी नाही. मातीची जमीन बारा महिने ओली, आणि तिच्यावर झोपून झोपून आईला खोकला जडलेला. शेजारची खोली 'राहण्यास अयोग्य' ठरून रिकामी झाली होती, आणि तसं आमचं झालं तर दुसरी जागा आम्हाला कोण देणार होतं? साहेब येणार म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. आईनं मात्र बेत रचला. सगळ्यांत ओल्या कोपऱ्यावर ट्रंक ओढली, आणि साहेबांना आग्रह करकरून पुरणपोळ्या वाढल्या, वर तुपाची धार. चार पोळ्यांनंतर साहेब आडवे झाले. डोळे मिटले. आता घोरणार, एवढ्यात पदर तोंडात कोंबून दाराआड उभ्या राहिलेल्या आईला खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना.

साहेब उठून बसले. त्यांच्या पाठीवर आमची अख्खी जमीन उठली होती.

"हा खोकला कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले," आई म्हणाली.

साहेबांनी वही काढली, आणि मी मनातल्या मनात भांडीकुंडी बांधायला लागलो.

पण नोटीस निघाली ती मालकाच्या नावानं: फरशी घाला, बाजूच्या भिंतीला खिडकी पाडा, आणि भाडेकरूंना हलवायचं नाही. माझा जीव भांड्यात पडला. आमचे मालक म्हणजे बेडशाचे एक आबा. ते तावातावानं साहेबांकडे गेले.

"सायेब, लोनावळ्यात वल न्हाई तर कुटं आसनार? लय पाऊस हाय हितं!"

"आबा, पाऊस बाहेर पडू द्या की. घरात कशाला?"

महिन्याभरात फरशी आली, खिडकी झाली. काम बघायला साहेब भर दुपारी आले, तेव्हा आई त्या खिडकीखाली झोपली होती, कितीतरी महिन्यांनी, न खोकता. मी तिला उठवायला निघालो तर त्यांनी माझा हात धरला. "राहू द्या. बघितलं मी," असं पुटपुटत त्यांनी उंबऱ्याबाहेरच सही केली. मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले, आणि त्या गडबडीत आभार मानायचंही सुचलं नाही.

पुढे त्यांची बदली झाली. कुठं, ते कळलं नाही. आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, नातवंडं खेळवून गेली. हे साहेबांना सांगायचं मात्र राहूनच गेलं.